अमावास्येनंतरचे दोन दिवस

सोमवारी सकाळी मंजुनाथ मालकांनी चार ड्रायव्हरांसमोर कृष्णाला विचारलं, "शुक्रवारी दुपारी गाडी केलगेरीच्या तळ्यावर काय करत होती?"

कृष्णानं जे घडलं ते सांगितलं. पुण्याहून मंगलाबाई म्हणून एक वयस्क पाहुण्या आल्या होत्या. धारवाडातलं काम झाल्यावर त्यांना केलगेरीचं तळं बघावंसं वाटलं. बाई उतरल्या, तळ्याच्या काठाला बसल्या. त्या परत येईपर्यंत तो गाडीपाशी थांबला.

"तुझं घर कुठं आहे?"

"केलगेरीलाच की, मालक. दोन गल्ल्या सोडून."

"बरोबर. आणि नेमका त्या दिवशी कॅमेरा बंद."

मालकांचा पुतण्या अमित बाजूला फोन घेऊन उभा होता. गाडीच्या काचेला लावलेला कॅमेरा तो दर रविवारी फोनला जोडून तपासायचा. त्यानं फोन पुढं केला. गुरुवारपर्यंतची चित्रं होती. रविवारपासून पुढची होती. मधले शुक्रवार आणि शनिवार कोरे.

"ही तिसरी वेळ," अमित म्हणाला. "दर महिन्याला दोन दिवस गायब. प्लग कोणीतरी काढल्याशिवाय असं होत नाही, काका."

"मी हात लावला न्हाई," कृष्णा म्हणाला.

"सुळ्ळ हेळब्याड," मालक म्हणाले. खोटं बोलू नको. रागात ते कन्नडवर जात. "एकोणीस वर्षं माझ्याकडं आहेस म्हणून आजच चावी घेत नाही. उद्या दहाला कॅमेरा आणि चावी, दोन्ही इथं टेबलावर ठेव. शुक्रवारचं चित्र निघालं तर बोलू. नाही निघालं तर चावी राहू दे इथंच."

ड्रायव्हरांपैकी एकानं बूट बघितले. एकजण खिशातली सुपारी शोधू लागला. ज्यांच्याबरोबर आपण एकोणीस वर्षं चहा प्यायलो, त्यांच्या डोळ्यांत आपण एका सकाळीत चोर होतो, आणि ते डोळे काही वाईट नसतात. ते नुसते दुसरीकडं बघतात. कृष्णाला हे आजवर माहीत नव्हतं.

पुण्याच्या बाईंना त्यानं तीनदा फोन लावला. फोन बंद येत होता.

बाहेर अमित त्याच्या मागं आला. पोरगा मनानं वाईट नव्हता. म्हणाला, "कृष्णा मामा, एक करा. कॅमेऱ्याचं बटण दहा सेकंद दाबून धरा. सगळं रिसेट होईल, कार्ड फॉरमॅट होईल. कॅमेरा नव्यासारखा चालेल. मग काकांना सांगता येईल, यंत्रच बिघडलं होतं म्हणून."

कृष्णा गाडीत बसला. कॅमेरा बोटभर लांबीचा, काळा. चार महिन्यांपूर्वी लावला तेव्हापासून तो त्याच्या डोळ्यासमोर होता, आणि त्यानं त्याच्याकडं कधी नीट बघितलं नव्हतं. त्यानं बटणावर अंगठा ठेवला. मग वाटलं, आपलं बोट जाड आहे, भलतंच काही दाबलं जाईल. ज्याचं काम त्यानं करावं. एवढ्या एका विचारानं त्यानं अंगठा काढला, आणि पुढं कितीतरी दिवस त्याला तो अंगठा आठवत राहिला.

हुबळीच्या दाजीबानपेठेत कापडाच्या ठोक दुकानांच्या मागं एक बोळ आहे. तिथं एका जिन्याखाली राणी अक्कांचं दुकान. रुंदी एवढी, की अक्का आत बसल्या की दुकान भरलं. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, एक दिनदर्शिका, आणि खिळ्यांना लटकलेल्या वायरींचे जुडगे, रंगांप्रमाणे वेगळे केलेले. कृष्णाला हा पत्ता एका रिक्षावाल्यानं दिला होता. बाईमाणूस आहे हे सांगायला तो विसरला होता.

"मेकॅनिक हाय का?" कृष्णानं विचारलं.

"बर्री, कुंद्री," अक्का स्टुलाकडं बोट करून म्हणाल्या. "हाय की. तुमच्याशीच बोलायली."

वय शेहेचाळीस-सत्तेचाळीस. चष्मा कपाळावर, पदर खोचलेला, हातात सोल्डरिंगची कांडी. राणी अक्कांचे वडील सत्याप्पा बाजारात कापसाच्या गाठी वाहायचे, आई लक्कव्वा एका शाळेत झाडलोट करायची. घरात मराठी, शाळेत कन्नड. मुलीला शिवण शिकवा असं चौघांनी सांगितलं, तेव्हा सत्याप्पांनी तिला आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्सला घातलं, कारण गल्लीतला एकमेव रेडिओ तिनं नवव्या वर्षी उघडून पुन्हा बंद केला होता आणि तो वाजत होता. वर्गात पोरं अडतीस, पोरी दोन. पुढं टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात अकरा वर्षं. जाडे टीव्ही गेले, दुकान गेलं. मग गाड्यांचे टेप, मग मागं बघायचे कॅमेरे, मग पुढं बघायचे. वस्तू बदलत गेल्या. त्यांच्या आत वीज कुठंतरी अडते, आणि ती जागा शोधायची असते, हे तेवढं बदललं नाही.

कृष्णानं कॅमेरा पुढं केला. "अक्का, ह्याला रिसेट करून द्या. उद्या दहाच्या आत पाहिजे."

अक्कांनी कॅमेरा घेतला नाही. जुन्या दिनदर्शिकेचं पान उलटं करून पेन्सिल घेतली. "कधीपासून?"

"तीन महिने झाले."

"रोज?"

"न्हाई. महिन्यातनं दोन दिवस. मग आपोआप बरा होतो."

"आपोआप काही बरं होत न्हाई, अण्णा. माणूससुद्धा." त्यांनी कॅमेऱ्याच्या कडेची छोटी खाच नखानं दाबली. त्यातून नखाएवढं कार्ड बाहेर आलं. ते त्यांनी एका कोऱ्या पाकिटात घालून चष्म्याच्या डबीखाली ठेवलं. "हे पहिलं बाजूला. आता बोला. कोणते दोन दिवस?"

"माझा बाप म्हणायचा," त्या पुढं बोलता बोलता म्हणाल्या, "गाठ उचलायच्या आधी शिवण बघ. कुणी शिवली, कुठं उसवली. नाहीतर पाठीवर घेतल्यावर फुटते."

कृष्णानं दिवस आठवून सांगितले, आणि सकाळचं सगळं, अमितच्या फोनसकट. अक्का भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडं बघत खुणा करत होत्या. तिसऱ्या खुणेला पेन्सिल थांबली. कृष्णानंही बघितलं. तिन्ही खुणा काळ्या टिपक्याच्या पुढच्या घरात होत्या.

"अमावास्या," तो म्हणाला. "यप्पा! अक्का, हे काहीतरी वायलं हाय. गाडीला कुणाची तरी नजर..."

"नजर लागायला कॅमेराच घावला व्हय? गाडी चालती, ब्रेक लागतो, गाणी वाजतात. नजर नेमकी चार हजारांच्या डब्याला?"

"मग अमावास्येलाच का?"

"तेच विचारायली मी तुम्हाला. अमावास्येला गाडीत काय होतं?"

हा प्रश्न कृष्णाला आजवर कोणी विचारला नव्हता, कारण त्या गावात तो विचारण्यासारखा नाही. दर अमावास्येला हुबळी-धारवाडची निम्मी चाकं पूजेला थांबतात. दुकानांच्या उंबऱ्यावर, लॉऱ्यांच्या समोर, रिक्षांच्या पुढं नारळ फुटतात. मालकांच्या पाच गाड्यांपैकी या गाडीची पूजा कृष्णा स्वतः करायचा. अळणावरजवळच्या त्याच्या गावात वडील बैलांची करायचे तशीच. मन लावून, काही न गाळता.

त्यानं सगळं सांगितलं. संध्याकाळी ड्यूटी संपली की गाडी धुवायची. चाकाखाली लिंबू. हळद, कुंकू. उदबत्ती आत फिरवायची. पुढं नारळ फोडायचा.

"आणि नारळाचं पाणी?"

"ते शिंपडायचं. बॉनेटवर. मग आत. स्टेअरिंगवर, मीटरवर, गिअरवर."

"गिअरवर."

"गिअरवर तर जास्तच. सगळं तिथंच असतं की, अक्का. डाव्या हाताचं काम."

अक्का उठल्या. "गाडी कुठं लावलीया?"

बोळाच्या तोंडाशी गाडी उभी होती. अक्का पुढच्या डाव्या बाजूनं आत वाकल्या. गिअरच्या पुढं ते गोल भोक असतं, ज्यात कॅमेऱ्याचा प्लग बसतो. त्यांनी प्लग उपसला, त्याच्या टोकाची पिन बोटानं दाबली. पिन आत गेली आणि आतच राहिली. स्प्रिंगनं तिला बाहेर ढकलायला हवं होतं. त्यांनी प्लग नाकाशी नेला, मग कृष्णाच्या नाकाशी धरला. आंबलेल्या नारळाचा वास.

मग त्यांनी बॅटरीचा उजेड भोकात टाकला. तळाशी पिवळसर चिकटा होता, आणि त्यावर तीन तांबड्या मुंग्या.

"मुंग्या दिसत होत्या," कृष्णा हळू म्हणाला. "मला वाटलं, पोरं बिस्किटं सांडतात. मी पुसत होतो."

"आधी ह्या भोकावर टोपण होतं. चार महिन्यांमागं कॅमेरा लावला, टोपण गेलं. तुमची पूजा तीच, शिंपडणं तेच. पाण्याला आत जायला वाट झाली." अक्का सरळ झाल्या. "पाणी ओलं असतं तोवर पिन चिकटती. गाडी खड्ड्यात आदळली की वीज तुटती, परत जुळती. कॅमेरा मरतो, उठतो, मरतो, उठतो. दोन दिवसांनी वाळतं."

कृष्णा दाराला धरून उभा राहिला. ज्या हातानं पाणी शिंपडलं तो हात त्यानं बघितला. त्याला रडू येईल असं वाटलं आणि हसू आलं, आणि मग त्या हसण्याचीच लाज वाटली.

"म्हणजे मीच."

"तुम्हीच. पण चोरी न्हाई केली. पूजा केली." त्या दुकानाकडं वळल्या. "करू नका म्हणत न्हाई मी. आमच्यात ते नसतं, तुमच्यात असतं. पाणी बॉनेटपाशीच थांबवा म्हणजे झालं."

"पण अक्का, मालकांना शुक्रवारचं चित्र पाहिजे. कॅमेरा मेला होता तर चित्र कुठलं?"

"मरत होता, उठत होता, म्हणाले न्हाई का मी? उठल्यावर तो काय करत बसला असंल?"

दुकानात त्यांनी पाकिटातलं कार्ड काढून जुन्या लॅपटॉपला लावलं. लॅपटॉपच्या झाकणाला चिकटपट्टी होती. फायलींची लांबच लांब यादी आली. अक्का खाली, खाली, अगदी तळाला गेल्या. तिथं तारीख बदलली. १ जानेवारी २०१६.

"हे काय?" कृष्णा म्हणाला. "गाडीच पाच वर्षांची हाय."

"आणि कॅमेरा चार महिन्यांचा. तरी त्यात दहा वर्षांमागची चित्रं हायत." अक्का पहिल्यांदा हसल्या. "काचेवरच्या उन्हानं ह्याची आतली बारकी बॅटरी मरायला टेकलीया. दिवसभर मरत-उठत राहिला की ती पार रिकामी होती, आणि हा तारीख विसरतो. विसरला की कारखान्यातली पहिली तारीख सांगतो. रविवारी तुमच्या मालकाच्या पुतण्यानं फोन जोडला की फोनकडनं आजची तारीख शिकतो. पोरगा शुक्रवार शोधत बसला. शुक्रवार इथं खाली होता, दुसऱ्याच नावानं."

एका फायलीवर त्यांनी टिचकी मारली. कोपऱ्यात रात्रीचे बारा वाजून एक मिनिट, आणि काचेबाहेर लख्ख ऊन. उनात धारवाडचा रस्ता. तीन मिनिटं, मग काळोख, मग पुन्हा रात्रीचे बारा आणि पुन्हा ऊन. एका दिवसात पंचवीस मध्यरात्री. कृष्णाला ते बघवेना आणि नजरही काढवेना.

"सकाळचं गेलं," अक्का म्हणाल्या. "मागच्या दोन महिन्यांचंही गेलं. कार्ड भरलं की हा सगळ्यात जुनं आधी पुसतो. ह्याच्या लेखी हेच जुनं. आज संध्याकाळपर्यंत गाडी फिरली असती तर हेही गेलं असतं."

"आणि रिसेट केलं असतं तर?"

अक्कांनी फक्त त्याच्याकडं बघितलं. कृष्णानं अंगठा मुठीत घेतला.

मग तळं आलं. एवढा वेळ तुटत, अडखळत चाललेलं चित्र इथं अखंड झालं. गाडी उभी होती, हादरे नव्हते. खिडक्या खाली घ्यायच्या म्हणून त्यानं चावी अर्धी फिरवून ठेवली होती, त्यामुळं वीज होती. पाणी, काठावरचं गवत, आणि मंगलाबाईंचा आवाज.

"कृष्णा, पाच मिनिटं बसू का हो इथं? आम्ही बहिणी इथं यायचो. साठ वर्षं झाली."

"पाच काय, तासभर बसा, बाई."

"तुमचा खोळंबा. जेवला नसाल तुम्ही. मला काय, आज शुक्रवार, माझा उपास."

दार वाजलं. पांढऱ्या साडीतली पाठमोरी बाई काठाकडं गेली. मग चित्रात खुद्द कृष्णा आला, फडकं घेऊन. पुढची काच पुसू लागला. त्यानं स्वतःला असं कधी बघितलं नव्हतं: वाकलेला, टक्कल पडू लागलेला, काच पुसून झाल्यावर पुन्हा तीच काच पुसणारा माणूस. खिशात फोन वाजला.

"सविता, बोल. ... व्हय, तळ्यावरच हाय. ... न्हाई, न्हाई येत. ड्यूटीवर हाय की. ... अगं दोन गल्ल्या असूदेत न्हाईतर दोन पावलं, बाई एकट्या बसल्यात तिकडं. ... झाकून ठेव. रात्री खातो."

बायकोचा हा फोन तो साफ विसरला होता. असं बोलणं कोण लक्षात ठेवतं?

राणी अक्कांनी सगळ्या फायली लॅपटॉपवर उतरवल्या, मग एका पेनड्राइव्हवर, मग तळ्याचा भाग त्याच्या फोनवर. तिन्ही उघडून बघितल्यावरच कार्ड कॅमेऱ्यात घातलं, आणि मग त्या काळ्या बटणावर अंगठा ठेवला. दहापर्यंत मोजलं. कॅमेऱ्याचा दिवा विझला, लुकलुकला, आणि स्थिर झाला. गाडीतलं भोक कापूस आणि स्पिरिटनं पुसलं, पिन मोकळी केली, नवं टोपण असलेला प्लग बसवला. आतली बॅटरी बदलली. तारीख घातली, आणि पाच मिनिटं तो चालू-बंद करून ती टिकते का बघितलं. या सगळ्यात दोन तास गेले. त्या दोन तासांत तीन गिऱ्हाइकं आली, आणि अक्कांनी तिघांनाही सांगितलं, "ह्यांचं उद्या दहाला हाय. तुम्ही नंतर या."

त्या रात्री सविताला त्यानं फोन ऐकवला. ती म्हणाली, "बघा, म्हणत होते न्हाई मी, येऊन खावा म्हणून?" आणि ताट वाढायला उठली.

मंगळवारी दहाला कृष्णानं चावी आणि कॅमेरा टेबलावर ठेवला. मालकांनी त्याचा फोन हातात घेतला. कोपऱ्यातली तारीख बघून अमित काहीतरी बोलू लागला, तेव्हा कृष्णानं त्याला गाडीचं वय विचारलं आणि तो गप्प झाला. मालकांनी बाईंचं बोलणं ऐकलं, आज शुक्रवार. काच पुसणं बघितलं. 'ड्यूटीवर हाय की' आलं तेव्हा त्यांनी फोन टेबलावर ठेवला, पण बंद केला नाही. आवाज चालू राहिला. झाकून ठेव. रात्री खातो.

"हे मला आधी सांगायचं होतंस," ते शेवटी म्हणाले.

"सांगितलं होतं, मालक."

पंखा फिरत होता. मालकांचा चेहरा एकदम म्हातारा दिसला.

"हौदप्पा," ते म्हणाले. होय बाबा. "सांगितलं होतंस." त्यांनी चावी त्याच्याकडं सरकवली. "घे. दीडला विमानतळावर पाहुणे आहेत."

कृष्णानं चावी उचलली नाही. असं काही करण्याचं त्याच्या मनात नव्हतं. पण हात पुढं गेला नाही, आणि तोंडातून शब्द गेले. "मालक, काल चौघांसमोर विचारलं होतं तुम्ही."

अमितनं वर बघितलं. मालक उठले. मग दारात गेले आणि बाहेर गाड्या पुसत असलेल्या चौघांना त्यांनी आत बोलावलं. उभ्यानंच म्हणाले, "काल मी कृष्णाला चोर ठरवलं. तो चोर नाही. चूक माझी." मग, चौघांकडं बघून, "कळलं ना सगळ्यांना?"

"कळलं," सुपारीवाला म्हणाला. "आम्हाला काल पण वाटत नव्हतंच."

"मग काल का बोलला न्हाईस रे गाढवा?" कृष्णा म्हणाला, आणि सगळे हसले. मालकही.

"हे काढलं कोणी?" मालकांनी विचारलं. "अमितला सापडलं नाही ते?"

"दाजीबानपेठेत राणी अक्का म्हणून हायत. त्यांनी."

"बाई?"

"बाई. त्यांच्यासारखा मेकॅनिक मी बघितला न्हाई."

विमानतळाला जायच्या आधी तो पुन्हा त्या बोळात शिरला. काय बोलायचं हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याच्या घरात, त्याच्या गावात, उपकार झाले तर माणूस शेंगा नेऊन देतो, तूप देतो, लग्नाला राबतो. तोंडानं आभार मानायची सवय कोणालाच नाही. आणि शेंगा आत्ता नव्हत्या. तो स्टुलावर बसला आणि त्यानं सगळं पहिल्यापासून सांगितलं, मालक कसे गप्प झाले, चावी कशी सरकवली, चौघं कसे आत आले.

राणी अक्का एका टेपच्या सर्किट-पाटीवर वाकून जोड देत होत्या. वर न बघता त्यांनी विचारलं, "माझं नाव घेतलंत?"

"घेतलं की."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर. मालक म्हणाले, बाई? मी म्हटलं, बाई."

अक्कांनी कांडी ठेवली. कपाळावरचा चष्मा काढून पदरानं पुसला. "त्या टीव्हीच्या दुकानात अकरा वर्षं मी आतल्या खोलीत बसत होते," त्या म्हणाल्या. "पडद्यामागं. बाईनं दुरुस्त केलंय कळलं तर लोक टीव्ही ठेवायचे न्हाईत, असं मालकाचं म्हणणं. मी करायचे, तो बाहेर नेऊन द्यायचा. लोक त्याला म्हणायचे, तुमचा हात लई चांगला. मला आतून ऐकू यायचं."

बोळात कापडाचे गठ्ठे घेऊन एक हातगाडी आली आणि अडकली, तिच्यावरचा माणूस कन्नडात ओरडू लागला. दीड वाजायला वेळ फार उरला नव्हता.

"अण्णा," राणी अक्का म्हणाल्या, "ते परत सांगा. मालक म्हणाले, बाई? मग तुम्ही काय म्हणालात?"

कृष्णानं परत सांगितलं. या वेळी सावकाश, काही न गाळता.